भिंतीवरून पुस्तकाकडे : अभिजात साहित्याच्या वाचनासाठी सचित्र भित्तिपत्रके

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली संमत झाला आणि १ मे १९६८ पासून तो अमलात आला. त्यानंतरच्या काळात खेडोपाडी ग्रंथालये उभी राहिली, त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली, अनुदानाची व्यवस्था लागली आणि दरवर्षी ग्रंथखरेदीही होऊ लागली. या खरेदीतून ज्ञानेश्वरी आली, ‘स्मृतिचित्रे’ आली, ‘गावगाडा’ आला, हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या आल्या. त्या आल्या, नोंदवहीत चढल्या आणि बहुतेक ठिकाणी कपाटातच राहिल्या. गावच्या ग्रंथालयाची देवघेव नोंदवही सहज चाळून पाहिली तरी याचा प्रत्यय येतो. स्पर्धा परीक्षांची पुस्तके, रहस्यकथा आणि पाकक्रिया यांच्यापुढे तारखांच्या शिक्क्यांच्या ओळी असतात. अभिजात ग्रंथाच्या पानावर एखादाच शिक्का, तोही कित्येक वर्षांपूर्वीचा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी भाषेला अभिजात भाषेचा दर्जा दिला. भाषेला दर्जा मिळाला तरी तिच्यातील ग्रंथ वाचकाच्या हाती जाणे हे काम दिल्लीत किंवा मुंबईत होणारे नव्हे. ते शाळेच्या व्हरांड्यात, ग्रामपंचायतीच्या कचेरीत आणि ग्रंथालयाच्या दारात व्हावयाचे आहे. त्यासाठीची अनेक साधने आहेत. त्यांपैकी एका स्वस्त आणि काहीशा दुर्लक्षित साधनाचा, म्हणजे सचित्र भित्तिपत्रकाचा, विचार येथे करावयाचा आहे.

हाराचे चित्र आणि वाचनाचे चित्र

साहित्यविषयक भित्तिपत्रके आपल्याकडे लागत नाहीत असे नाही. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. या दिवशी शाळांतून व कचेऱ्यांतून फलक लागतात. पण त्यांवर काय असते? मध्यभागी साहित्यिकाचा चेहरा, भोवती सोनेरी वेलबुट्टी, खाली ‘विनम्र अभिवादन’ आणि त्याहून खाली, पुष्कळदा साहित्यिकाच्या चेहऱ्यापेक्षाही मोठ्या आकारात, अभिवादन करणाऱ्यांची छायाचित्रे. असा फलक पाहणाऱ्याने काय करावे अशी अपेक्षा असते? हात जोडावेत आणि पुढे जावे. पाहणारा तसेच करतो. या फलकाने आपले काम चोख बजावलेले असते. ते काम वाचनाचे नसते, एवढेच.

अभिजात साहित्याच्या बाबतीत हा धोका विशेष आहे. ज्या ग्रंथाची थोरवी सर्वांना मान्य आहे, तो ग्रंथ उघडून पाहण्याची गरज कोणालाच वाटेनाशी होते. लक्ष्मीबाई टिळकांचे वृद्धपणीचे छायाचित्र पाहून ‘स्मृतिचित्रे’ हे अत्यंत विनोदी पुस्तक आहे अशी शंका तरी कोणाला येईल काय? छायाचित्र आदर निर्माण करते आणि आदराबरोबर अंतरही. म्हणून भित्तिपत्रकाचा पहिला नियम असा सांगता येईल की, लेखकाचा चेहरा टाळावा. चित्र ग्रंथाचे असावे, ग्रंथकाराचे नव्हे.

चौकटीबाहेरचा राजा

ग्रंथाचे चित्र म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी राजा रविवर्मा यांच्याकडे वळणे उपयुक्त ठरेल. त्यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवली येथे हलविण्यात आला. जर्मन तंत्रज्ञांच्या साहाय्याने, एकेका रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरून, तेथे पौराणिक चित्रांच्या रंगीत प्रती निघत. या छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलेले होते. तेव्हा मराठी प्रेक्षकाला शकुंतला नवी नव्हती. पण नाटक पाहणे शहरातल्यांना शक्य होते. चित्र मात्र खेड्यातल्या घरापर्यंत पोहोचले.

रविवर्म्यांच्या शकुंतलाविषयक चित्रांत एक सर्वपरिचित चित्र आहे. सख्यांबरोबर आश्रमाकडे परतणारी शकुंतला पायातला काटा काढण्याच्या मिषाने थबकते आणि मागे वळून पाहते. ती पाहते ते दुष्यंताला. पण दुष्यंत चित्रात नाही. चित्रकाराने राजाला चौकटीबाहेर ठेवले आहे. काटा खरा नाही हे सख्यांच्या ध्यानात आले आहे की नाही, तिकडे राजा उभा आहे की निघून गेला, पुढे काय होणार, हे सर्व प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभे राहतात आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर चित्रात मिळत नाही. उत्तर कालिदासाकडे आहे.

वाचनाला प्रवृत्त करणाऱ्या चित्राचे मर्म येथे आहे. गोष्ट सांगून मोकळे होणारे चित्र वाचनाची गरज संपवते. गोष्टीच्या मध्यावर थांबणारे चित्र ती निर्माण करते. अर्थात रविवर्म्यांची मुद्रित चित्रे पाहून घरोघर शाकुंतल वाचले गेले असा दावा कोणी करू नये. ती चित्रे चौकटीत बसवून दिवाणखान्यात व देवघरात गेली आणि तेथेच राहिली. त्यांच्याखाली ग्रंथाचे नाव नव्हते आणि तो कोठे मिळेल हेही लिहिलेले नव्हते. भित्तिपत्रक आणि शोभेचे चित्र यांत फरक आहे तो याच दोन ओळींचा.

आपल्याच भूमीतील आणखी एक परंपरा या संदर्भात आठवते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळनजीकच्या पिंगुळी गावी ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांच्या पोथ्यांवरून सांगत आले आहेत. वीणा, टाळ आणि हुडुक यांच्या साथीने कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरतो व कथा पुढे नेतो. ही कला टिकवून धरल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देण्यात आली. चित्रकथीचे एकेक चित्र सुटे पाहिले तर अपुरे वाटते, आणि ते अपुरेच असावयाचे असते. उरलेले काम शब्दांचे. आपल्या भित्तिपत्रकासमोर गाणारा कथेकरी नसतो. त्याची जागा ग्रंथाने घ्यावयाची असते.

अमेरिकेतील एक प्रयोग

शासनाने वाचनासाठी चित्रकार कामाला लावल्याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. १९२९ नंतरच्या महामंदीत लक्षावधी लोक बेकार झाले. त्यांना काम देण्यासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या प्रशासनाने १९३५ साली जी योजना काढली, तीत चित्रकारांचाही समावेश होता. १९४३ पर्यंत या चित्रकारांनी आरोग्य, सुरक्षितता, प्रवास, नाटके आणि ग्रंथालये अशा विषयांवर हजारो वेगवेगळी भित्तिपत्रके तयार केली; त्यांपैकी सुमारे दोन हजार आज अस्तित्वात असल्याचे ज्ञात आहे. त्यांतील नऊशेंहून अधिक आज तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत. इलिनॉय राज्यात ग्रंथालयांसाठी महिनावार भित्तिपत्रके निघाली. त्यांतील मार्चच्या पत्रकात, वाचायची म्हणून ठरवलेली पण राहून गेलेली पुस्तके या महिन्यात वाचा, असे सुचविले होते. हे सुचविणे मोठे मार्मिक आहे. वाचकाला त्याच्या अज्ञानाची जाणीव करून न देता, हा ग्रंथ वाचायचे तुमच्या मनात होतेच असे धरून त्याला हाक मारली आहे.

आरंभी ही पत्रके हाताने रंगवीत. पुढे अँथनी व्हेलोनिस या चित्रकाराने स्क्रीन प्रिंटिंगचे तंत्र या कामासाठी वापरात आणले आणि एकेका नमुन्याच्या अनेक प्रती निघू लागल्या. या तंत्रात प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते. साहजिकच रंग मोजके ठेवावे लागत आणि आकार सपाट व ठसठशीत. गरजेपोटी आलेली ही मर्यादा चित्रांना उपकारक ठरली. दोन-तीन रंगांतील ती पत्रके आजही दुरून डोळ्यांत भरतात. आपल्या तालुक्याच्या गावीही लग्नपत्रिका व पिशव्या छापणारे स्क्रीन प्रिंटिंगचे कारागीर असतात. वीस-पंचवीस प्रतींसाठी त्यांच्याकडे जाणे हे बटबटीत फ्लेक्सपेक्षा अधिक चांगले, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्लेक्सवर संगणक कितीही रंग ओततो; त्यामुळे कोणता रंग नको याचा विचारच कोणी करीत नाही.

प्रसंगाची निवड

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. चित्रकाराने, मग तो चित्रकलेचा शिक्षक असो वा शासकीय रेखाकला परीक्षेला बसलेला विद्यार्थी, मूळ ग्रंथ वाचलाच पाहिजे. हे सांगावयास लागू नये. पण पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून चित्र उतरवून काढणे ही आपल्याकडील सर्रास पद्धत आहे. त्यात कलेची हानी आहेच, शिवाय कायद्याचाही प्रश्न आहे. त्याचा विचार पुढे येईल.

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ घ्या. रायगड जिल्ह्यातील वरसई गावचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवण्यासाठी १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो झाशीत होता. ही हकीकत त्याने १८८३ साली लिहिली आणि भारताचार्य चिंतामणराव वैद्य यांनी ती १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. चित्रकाराला सांगितले, की तो लगेच घोड्यावरची राणी काढील. राणीचे चित्र सर्वांनी पाहिलेले आहे; ते पाहून हे पुस्तक कोणी मागणार नाही. त्याऐवजी रात्रीचे झाशी शहर, आकाशातून येणारा पेटता गोळा आणि एका ओसरीच्या खांबाआड, बगलेत पडशी घेऊन उभा असलेला कोकणातला गरीब ब्राह्मण काढावा. खाली एवढेच लिहावे : ‘दक्षिणा मिळवायला निघाला, वेढ्यात सापडला.’ मूळ ग्रंथ वाचल्याशिवाय हे चित्र सुचणार नाही. आणि अर्धवट वाचला तर चित्रकार त्याच्या खांद्यावर गंगेची कावड देईल. ती कावड परतीच्या वाटेवरची आहे, झाशीतली नव्हे.

‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्यावरील चित्रांत आई नेहमी डोळे पुसताना दिसते. त्यामुळे आजच्या मुलाला हे पुस्तक म्हणजे उपदेशाचा आणि अश्रूंचा डोस वाटतो. वस्तुतः त्यात हट्टी, खोडकर, पाण्याला भिणारा मुलगा आहे. अंघोळीनंतर तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो आणि आई आपले ओचे धोंड्यावर पसरते, हा प्रसंग घ्यावा. चित्रात माणसांचे चेहरे नकोतच. धोंडा, त्यावर पसरलेले लुगड्याचे ओले टोक आणि त्यावर टेकलेली दोन लहान पावले, इतके पुरे. मूल हे चित्र पाहून विचारील की, असे का? शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये. पुस्तक द्यावे.

हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीबाबत अधिक दक्षता हवी. यमूच्या केशवपनाचा प्रसंग चित्रकाराला आकर्षून घेईल, कारण तो भेदक आहे. पण तो तेथपर्यंत वाचत जाणाऱ्यासाठी राखून ठेवलेला आहे. तो भिंतीवर लावणे म्हणजे वाचकाचा घास काढून घेणे होय. कथेच्या पूर्वार्धातला, हसऱ्या-खेळत्या यमूचा प्रसंग घ्यावा आणि रंगसंगतीत कोठेतरी एक काळी छाया ठेवावी. ज्याने कादंबरी वाचली आहे त्याला ती छाया कळेल. ज्याने वाचलेली नाही त्याला ती नुसती बोचेल.

पंचायत सदस्यांसाठी एक खास सूचना करावीशी वाटते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. लेखक स्वतः महसूल खात्यात काम केलेले होते आणि गावाचा कारभार, वतनदार, बलुतेदार, फिरस्ते यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही विचार करावयास लावते. त्यांची सर्व मते आज पटतील असे नाही, किंबहुना काही मुळीच पटणार नाहीत. तरीही आपल्या गावाची जुनी घडण समजण्यास त्याच्यासारखे साधन विरळा. ग्रामपंचायतीच्या सभागृहात या ग्रंथाचे पत्रक लावावे. त्यात वाकस, ऐरण, चाक, वस्तरा, रापी अशी अवजारे एका रांगेत काढावीत आणि प्रश्न लिहावा : ‘यांतली कोणती आपल्या गावात उरली?’

प्राचीन ग्रंथांत हालाची ‘गाथासप्तशती’ चित्रकाराला सर्वांत उदार आहे. महाराष्ट्री प्राकृतातील या संग्रहात शेत, नदी, वाटसरू, सासू-सून यांचे क्षणचित्र एकेका गाथेत उभे राहते. मात्र शृंगारिक गाथा पुष्कळ असल्याने शाळेसाठी निवड विवेकाने करावी. ‘लीळाचरित्र’ व संतसाहित्य यांवर चित्रे करताना त्या त्या संप्रदायातील जाणकारांना कच्चे रेखाटन आधी दाखवून घ्यावे. श्रद्धेचा मान राखला जातोच, शिवाय वेशभूषेतील चुकाही वेळीच टळतात.

अक्षरांविषयी

चित्र उत्तम आणि अक्षर भिकार, अशी भित्तिपत्रके फार. देवनागरीची अडचण अशी की, तिच्या ओळीच्या वर मात्रा-वेलांट्या असतात आणि खाली उकार. दोन ओळींत पुरेसे अंतर न ठेवल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर आदळतो. जाड अक्षरात ‘भ’, ‘श’, ‘ख’ यांच्या पोटातील पोकळी भरून जाते व दुरून नुसते ठिपके दिसतात. संगणकावर अक्षर रुंद वा उंच ताणणे हा तर अक्षराचा छळच आहे. दहा फुटांवरून सहज वाचता येण्यास अक्षराची उंची साधारण एक इंच असावी, असा चित्रकारांचा ढोबळ हिशोब आहे. देवनागरीत ही उंची मात्रा-उकार सोडून, मूळ अक्षराची धरावी.

अक्षरही चित्राइतकेच बोलू शकते, हे पाहावयाचे असल्यास कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली शीर्षके पाहावीत. नाटकाचे नाव वाचण्याआधीच त्याची जात कळते. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी देवनागरी अक्षरांचा संगणकापर्यंतचा प्रवास घडविला. त्यांचे कामही चित्रकला-शिक्षकांनी अभ्यासावे. इतके कौशल्य सर्वांना साधणार नाही. ज्यांना साधत नाही त्यांनी बोरूने, एकाच जाडीचे, साधे व सरळ अक्षर काढावे. ग्रंथाचे नाव सर्वांत मोठे, लेखकाचे त्याहून लहान. एकूण शब्द पंधरा-वीसांवर जाऊ नयेत. देणगीदाराचे नाव घालणे भागच असेल तर ते तळाशी बारीक असावे.

कागद वीस बाय तीस इंचांचा पुरतो. शाळेत हाताने करावयाचे असल्यास जाड ड्रॉइंग कागद व पोस्टर रंग पुरे आहेत.

हक्कांचा प्रश्न

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर, त्याच्या पुढील वर्षाच्या प्रारंभापासून ६० वर्षे त्याच्या वाङ्मयावर स्वामित्वहक्क चालतो. साने गुरुजी १९५० साली वारले. त्यांचे लेखन २०११ च्या आरंभी मुक्त झाले. हरिभाऊ आपटे, लक्ष्मीबाई टिळक, आत्रे यांच्या ग्रंथांबाबतही प्रश्न नाही. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये निवर्तले, तेव्हा ‘फकिरा’वरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. ग्रंथाचे नाव लिहिण्यास व त्यातील प्रसंगावर स्वतंत्र चित्र सुचण्यास अडचण येत नाही. पण उतारा मोठा घ्यावयाचा असेल तर प्रकाशकाची लेखी अनुमती घ्यावी. येथे एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. चित्रावरील हक्क चित्रकाराचा असतो आणि तो ग्रंथकाराच्या हक्काहून वेगळा असतो. दीनानाथ दलाल १९७१ साली गेले. त्यांनी एखाद्या जुन्या, हक्कमुक्त ग्रंथाला केलेले मुखपृष्ठ असले, तरी ते उचलून आपल्या पत्रकावर छापण्यास आज मोकळीक नाही. रविवर्म्यांची चित्रे मात्र सर्वांची आहेत.

लावण्याची जागा आणि नंतरचे काम

ग्रंथालयाच्या आत लावलेले भित्तिपत्रक आधीच आत आलेल्या माणसासाठी असते. ज्याला आत आणावयाचे आहे तो एस.टी.च्या थांब्यावर, दूध संकलन केंद्राच्या रांगेत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेला असतो. जेथे माणसाला थांबावेच लागते आणि हाती काही काम नसते, ती जागा उत्तम. हातात मोबाइल असतो हे खरे. म्हणूनच पत्रकावरचा प्रश्न मान वर करावयास लावील इतका नेमका हवा. स्वामित्वहक्क संपलेले काही ग्रंथ विकिस्रोतासारख्या संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात. अशा ग्रंथाच्या पत्रकावर क्यूआर संकेत छापला तर थांब्यावरच पहिले पान उघडता येईल.

प्रत्येक पत्रकावर ग्रंथालयाचे नाव, उघडण्याची वेळ आणि ग्रंथाचा दाखल क्रमांक असावा. पत्रक लावण्याच्या आदल्या दिवशी ग्रंथपालाने तो ग्रंथ प्रत्यक्ष कपाटातून काढून पाहावा. पुष्कळदा तो जीर्ण झालेला, पाने सुटलेला किंवा नुसताच नोंदवहीत असलेला आढळतो. पत्रक पाहून पहिला वाचक आला आणि पुस्तक मिळाले नाही, तर तो पुन्हा येत नाही. शिवाय चार जणांना सांगतो. एका ग्रंथाच्या तीन प्रती घेणे हे तीन ग्रंथांच्या तीन पत्रकांपेक्षा अशा वेळी शहाणपणाचे ठरते. भिलार या सातारा जिल्ह्यातील गावी ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. तेथे घराच्या भिंतीवरचे चित्र आणि घरातले पुस्तक यांत एका उंबरठ्याचेच अंतर आहे. आपल्या गावी ते अंतर किती पावलांचे आहे, ते मोजून पाहावे.

पत्रक लावलेल्या दिवसाची तारीख देवघेव नोंदवहीत लाल शाईने टिपून ठेवावी आणि सहा आठवड्यांनी त्या ग्रंथापुढचे शिक्के मोजावेत. एकही शिक्का नसल्यास चित्र, जागा किंवा ग्रंथाची निवड चुकली असे समजून दुसरे करावे. शिक्के पडले असल्यासही पत्रक काढून घ्यावे, कारण रोज दिसणारी वस्तू दोन महिन्यांनी दिसेनाशी होते. उतरवलेले पत्रक शेजारच्या गावच्या ग्रंथालयाला द्यावे आणि त्यांचे आपण मागून आणावे. वाहतुकीचा खर्च नाही. तालुक्याच्या मासिक बैठकीला येणारे शिक्षक अथवा ग्रामसेवक गुंडाळी करून घेऊन जाऊ शकतात.